उद्योग पुढच्यांच्या हाती दिल्यावर जुन्या सोबत्यांना आणि आपल्या विद्यापीठाला भेटून आलात? अनुभव लिहा

(बाळापूर तालुक्यातून)

गावात राहून उद्योग उभा केलेले आणि आता मोकळे झालेले बरेच जण आपल्यात आहेत. जिनिंग (कापसातून सरकी काढायची गिरणी) असो, दालमिल असो, रोपवाटिका असो. ज्यांच्या हातांवर तो चालला ती माणसं आणि जिथे शिकलो ती जागा, दोन्हीकडे जाऊन आलेल्यांनी इथे लिहावं, ही विनंती. सुरुवात मी करतो.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला. ते सहज मिळालेलं विद्यापीठ नाही. १९६७ साली त्यासाठी अकोल्यात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, तरुण पोरं गेली. २० ऑक्टोबर १९६९ ला विद्यापीठ सुरू झालं. आम्ही तिथे शिकलो ते त्या पोरांमुळे, हे मी कधी विसरलो नाही.

आमचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, ओलिताची सोय नाही, त्यामुळे कापूस, तूर, मूग सगळं पावसाच्या भरवशावर. तूर व्यापाऱ्याकडे जायची आणि तिचीच डाळ आम्ही चढ्या भावाने दुकानातून आणायचो. म्हणून दालमिल टाकली. यंदा मुलीच्या हाती किल्ल्या दिल्या आणि विद्यापीठाची शिवार फेरी, म्हणजे शेतकऱ्यांना विद्यापीठाची शेतं दाखवण्याचा कार्यक्रम, होती तेव्हा निघालो.

आधी मिलची मशीन सांभाळणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. तुरीची डाळ करायला वेळ लागतो. दाण्याच्या टरफलाला खरखरीत एमरी रोलवर ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, उन्हात घालायचं, पाणी मारून रातभर ढीग लावून ठेवायचा आणि मग भरडायचं. कुठे किती थांबायचं हे मिस्त्री दाणा दाताखाली धरून सांगत. कट्कन तुटला तर घाला मशीनमध्ये, चेपला तर अजून ऊन द्या. रोलचा आवाज जरासा बदलला तरी ते ताटावरून उठून यायचे. आता त्यांना कमी ऐकू येतं. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "काहून एवढे वाळले भाऊ?" चहा होईपर्यंत त्यांनी सुनेला घरातली तूर आणायला लावली, दाणा चावला आणि म्हणाले, "पोरीले सांगा, यंदाच्या तुरीत ओल हाय. घाई करू नोको म्हना." मी तिथूनच फोन लावून दिला. मुलीने परत परत विचारून सगळं वहीत उतरवून घेतलं. मिस्त्री मोठ्याने बोलत होते आणि मी नुसता ऐकत होतो.

मग मिलच्या मजुरांच्या मुकादमांकडे गेलो. तिथे रोडगे (कणकेचे गोळे) आणि वरण होतं. रोडगे गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात चुरलेले. जेवणात आणि गप्पांत दुपार गेली.

विद्यापीठात वाणांचे फलक वाचत फिरलो. आम्ही शिकत होतो तेव्हा सुरतेहून आलेल्या एच-४ या संकरित कापसाची चर्चा होती. नंतर इथलाच पीकेव्ही (म्हणजे आमचं विद्यापीठ) हाय-२ कापूस आमच्या शिवारात आला. आता तुरीत पीकेव्ही तारा आहे. मिनी दालमिलपाशी बराच वेळ उभा राहिलो, कारण गावातल्या गावात डाळ व्हावी हा विचार मी इथूनच घरी नेला होता. एका विद्यार्थिनीने विचारलं, "काका, मशीन बसवायला किती लागतात?" मी रक्कम सांगितली आणि म्हटलं, त्याआधी चालवणारा माणूस शोध.

(दारव्ह्याहून)

माझं जिनिंग होतं. अकोल्याला शिकायला जाताना मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला ही छोटी रेल्वे असायची. आता ती बंद आहे, एसटीने गेलो. हॉस्टेलच्या खोल्या पाहिल्या. वर्गमित्रांपैकी दोघेच भेटले, पण दोघांनी मिळून सगळ्यांची खबर दिली. कोणाचं शेत विकलं, कोणाची नात डॉक्टर झाली. २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि जिनिंगची आवक कशी बदलली, यावर आमचा वाद झाला, अगदी मेसच्या टेबलावर व्हायचा तसाच. फार बरं वाटलं.

(मी दुसऱ्या बाजूने लिहितो आहे. मूर्तिजापूर)

माझे बाबा एका जिनिंगमध्ये फिटर होते. उद्योगातून मोकळे झाल्यावर त्यांचे मालक आमच्या घरी आले. येताना शाल-श्रीफळ आणलं, पण आमच्या कामी आलं ते दुसरंच. गप्पांमध्ये त्यांनी सहज विचारलं, "पेन्शन सुरू झाली ना?" झाली नव्हती. हजेरीपटावर बाबांचं घरातलं नाव लागलं होतं, आधारवर पाळण्यातलं. पीएफमध्ये दहा वर्षं सेवा भरली असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन मिळते, पण नाव जुळलं पाहिजे. त्यासाठी बाबांच्या बाबतीत कामगार आणि मालक दोघांनी मिळून संयुक्त घोषणापत्र द्यावं लागलं. मालकांनी पुढल्या आठवड्यात मुलाला घेऊन येऊन ते केलं. जुन्या माणसांना भेटायला निघालेल्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हा प्रश्न जरूर विचारा. अनेक घरांत विचारणारं कोणी नसतं.

(वरूड तालुक्यातून)

मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकले. महाराजबागेजवळचं, १९०६ सालचं. शेंदुरजना घाटच्या बाजूला संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका काढली. जंबेरीच्या (रानटी लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचं, म्हणजे कलम बांधायचं काम ज्यांच्याकडून मी खरं शिकले ते काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. कॉलेजला जाताना त्यांनाच सोबत नेलं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी आधी चप्पल काढली. उद्यानविद्येच्या सरांनी त्यांच्या हाती चाकू दिला. काकांनी खुंटाच्या सालीला उलटा टी पाडला, डोळा सरकवला, पट्टी गुंडाळली. पोरं मोबाइल खाली ठेवून पाहत होती. एकाने पुन्हा दाखवायला सांगितलं, काकांनी पुन्हा दाखवलं. सरांनी त्यांना पुढच्या बॅचला बोलावलं आहे आणि ते जाणार आहेत.

(बाळापूर)

वरूडच्या ताईंचं वाचून मीही ठरवलं. पुढच्या शिवार फेरीला मिस्त्रींना घेऊन जाणार. त्यांना चालवत नाही, म्हणून गाडी आतपर्यंत नेऊ देतील का ते विचारून घेतो. आणि मूर्तिजापूरच्या दादा, तुमचं वाचल्यावर आमच्या मिलचे जुने हजेरीपट काढायला मुलीला सांगितलं. मुकादमांच्या टोळीतल्या दोघांची नावं आधारशी जुळत नाहीत. सोमवारी त्यांच्याकडे जातो आहे. सोबत कोणते कागद लागतील ते सांगाल का?