पाऊस बांध पाहत नाही

‘दुसरा गाल पुढे करणं म्हणजे दुबळेपणा’, असं एकांनी लिहिलंय. मला नाही पटत. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, ५व्या अध्यायात, येशूचं ते वचन ३९वं. ४४व्यात येशू वैऱ्यावर प्रेम करायला सांगतो आणि लगेच ४५व्यात कारण देतो, तेही निसर्गातलं: देवाचा सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊसही दोघांवर पडतो. येशू जिथे शिकवायचा त्या गालील प्रांतात पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळा ठणठणीत कोरडा. गहू, जव सगळं त्याच पावसावर. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला बांधापलीकडच्या वैऱ्याचं भिजलेलं वावरही दिसलं असणार! ज्याच्यावर सारं गाव जगतं, त्या पावसाला दुबळं कसं म्हणायचं?