संगणकाने एक्स-रे चुकीचा वाचला, तर जाब कोणाला विचारायचा?

धागाकर्ता, चेंबूर : वडिलांच्या छातीच्या एक्स-रेच्या अहवालात ‘विशेष दोष नाही’ असे लिहिले होते, खाली डॉक्टरांची सही आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘प्राथमिक वाचन संगणकप्रणालीद्वारे’ अशी ओळ. दोन महिन्यांनी क्षयाचे निदान झाले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तीच फिल्म खिडकीच्या उजेडात धरून उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाचा डाग बोटाने दाखवला. एक्स-रे काढणारे केंद्र आता सही करणाऱ्या डॉक्टरांकडे बोट दाखवते आणि डॉक्टर प्रणालीकडे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनासाठी उत्पादकालाही जबाबदार धरण्याची तरतूद आहे, मग प्रणाली बनवणारी कंपनी नामानिराळी का राहावी?

क्ष-किरणतज्ज्ञ, परळ : आपल्या वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटते, पण मी असहमत आहे. सही करणाऱ्याने फिल्म स्वतः पाहिलेली असलीच पाहिजे. 2020 च्या टेलिमेडिसिन (दूरस्थ वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनीही अशा प्रणालीला डॉक्टरांना साहाय्य करण्याची मुभा दिली आहे, रुग्णाला सल्ला किंवा औषध देण्याची नाही. जबाबदारी तिघांत वाटली, तर प्रत्येकाची काळजी तिसऱ्या हिश्श्याची उरेल.

वकील, दादर : डॉक्टरसाहेब, आपले तत्त्व मान्य, पण एका बैठकीत शेकडो फिल्म पुढ्यात ठेवणारे व्यवस्थापन त्यात कुठेच दिसत नाही. शिवाय क्षयाच्या तपासणीत अशी प्रणाली प्रत्येक फिल्मला संशयाचा एक आकडा देते आणि कितीच्या वर रुग्णाला पुढील तपासणीस पाठवायचे, ती मर्यादा वापरणारी संस्था ठरवते. मर्यादा वर नेली की थुंकीच्या तपासण्यांचा खर्च वाचतो आणि काही रुग्ण निसटतात. हा निर्णय डॉक्टरांचाही नाही आणि कंपनीचाही नाही. मात्र धागाकर्त्यांनी कंपनीविरुद्धचा दावा सोपा समजू नये. भाड्याने घेतलेली प्रणाली ‘उत्पादन’ आहे की ‘सेवा’, यावरच आधी वाद रंगेल, आणि तिच्यातला दोष रुग्णाने सिद्ध कसा करायचा?

क्ष-किरणतज्ज्ञ, परळ : मर्यादेचा मुद्दा रास्त आहे. तो आकडा अहवालावर छापलाच पाहिजे, हे मी मान्य करतो. तरीही सही करणाऱ्याची सुटका होत नाही.

धागाकर्ता, चेंबूर : सुटका मलाही नको आहे, सहीमागे इतरांनी लपू नये, एवढेच म्हणणे आहे. वडिलांच्या फिल्मला कोणता आकडा मिळाला आणि त्या दिवशी मर्यादा किती होती, हे विचारणारे पत्र आज केंद्राला स्पीड पोस्टाने पाठवत आहे.