अमेरिकेहून आलेल्या फोनवरून साधा कॉल लागत नाही, मदत हवी आहे

मंडळी, बाबा गावी एकटेच असतात, राजापूरच्या बाजूला. ताईने अमेरिकेत वापरलेला तिचा अँड्रॉइड फोन त्यांच्यासाठी पाठवला. बाबांचंच सिम त्यात घातलं. नेट छान चालतं, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉलही होतो. पण साधा कॉल काही केल्या लागत नाही. नंबर लावला की वरचं ४जीचं चिन्ह जातं, काही सेकंद रेंजच नसते, मग कॉल कटतो आणि ४जी परत हजर.

विमान मोड चालू-बंद केला, नेटवर्क सेटिंग रीसेट केली. तेच सिम जुन्या फोनमध्ये घातलं की कॉल लगेच लागतो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, पण मला पटत नाही. बाबांना बीपीचा त्रास आहे आणि तिथले डॉक्टर व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत, म्हणून घाई आहे.

प्रतिसाद १: कॉल बारिंग, म्हणजे कॉल करण्यावर बंदी, लागलंय का बघा. *#३३# डायल करा.

प्रतिसाद २: बारिंग नसणार. ते कंपनीकडे नंबरावर लागतं, जुन्या फोनवरूनही कॉल गेला नसता. मदरबोर्डवर तर एक रुपयाही घालू नका, ही लक्षणं व्होल्टीची आहेत. ४जीवर बोलणंसुद्धा डेटासारखंच जातं, ते व्होल्टी. सिमच्या कंपनीचं व्होल्टी फोनला जमत नसेल, तर कॉल लावताना तो ४जी सोडून २जी-३जी शोधायला जातो. तिथे ते नसलं की कॉल पडतो आणि फोन ४जीवर परत येतो. चिन्ह जातं ते यामुळेच.

सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टी किंवा ४जी कॉलिंगचं बटण आहे का बघा. नसेल तर *#*#४६३६#*#* डायल करून फोनच्या माहितीत आयएमएसची, म्हणजे व्होल्टी ज्यावर चालतं त्या यंत्रणेची, स्थिती काय दिसते ते सांगा. तिकडच्या कंपन्यांसाठी बनवलेल्या फोनमध्ये आपल्या कंपन्यांची व्होल्टीची सेटिंग बऱ्याचदा नसते. वायफाय कॉलिंगही आयएमएसवरच चालतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. सॉफ्टवेअर अपडेट असेल तर आधी ते करा. नाहीतर गावात ज्या कंपनीचं २जी येतं, तिचं सिम घालून पाहा.

धागाकर्ता: खूप आभार! बटण नाहीच, आयएमएसपुढे 'नॉट रजिस्टर्ड' आहे, अपडेटही नाही. शेजारच्या काकूंचं दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, तर २जीवर कॉल लगेच लागला. बाबांचा नंबर बँकेला जोडलेला आहे, तोच ठेवून कंपनी बदलता येईल ना?

प्रतिसाद २: येईल. इंग्रजीत 'पोर्ट', मग जागा सोडून नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवा. मात्र सिम जुन्या फोनमध्ये घालून पाठवा, या फोनवरून मेसेजही अडकू शकतो. उत्तरात येणारा कोड ४ दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन बाबांना स्वतः नव्या कंपनीच्या दुकानात जावं लागेल. नवं सिम सुरू होईपर्यंत जुना फोन चार्ज करून त्यांच्याजवळच असू द्या.