शक्ती विधेयक: फाशीच्या कलमापायी बाकीचा कायदाही गेला का?

सह्यकडा

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक एकमताने मंजूर केलं. २०१९ साली हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर आंध्र प्रदेशाने दिशा विधेयक आणलं. आपलं त्याच धर्तीवर बेतलेलं. बलात्काराच्या अतिगंभीर प्रकरणांत फाशी, तपासाला ३० दिवस, अ‍ॅसिड हल्ल्याला किमान १५ वर्षं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्याला करायची, तर घटनेच्या कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली आणि शक्ती ज्या कलमांत दुरुस्ती करणार होतं, ती कलमंच गेली. पुढच्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. लोक रुळांवर उतरले, आणि शक्तीची मागणी पुन्हा सुरू झाली.

माझं म्हणणं असं की फाशी घालून आपण विधेयक दिल्लीच्या दारात नेऊन ठेवलं आणि राज्याच्या हातातली कामं मागे पडली. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत माणसं भरणं, विशेष न्यायालयं काढणं, त्यांना पूर्णवेळ सरकारी वकील देणं, यांतल्या कशालाही राष्ट्रपतींची सही लागत नाही. अर्थसंकल्पात पैसा लागतो.

वऱ्हाडी

असहमत. कायदा बदलून काय होतं, हे आमच्या विदर्भाने दाखवलंय. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. मथुरा खटला म्हणतात तो हाच. अंगावर जखमा नाहीत, विरोध केल्याच्या खुणा नाहीत, म्हणून सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांना सोडलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ ची दुरुस्ती झाली. लोकांनी दबाव आणायचा आणि सभागृहाने कायदा करायचा, हीच तर लोकशाही! दोन्ही सभागृहं एकमताने काही मागत असतील आणि ते दिल्लीत पडून राहत असेल, तर राग दिल्लीवर काढा.

जाईजुई

वऱ्हाडी, १९८३ च्या दुरुस्तीने किमान शिक्षाही आणली, हे खरं. पण त्या मुलीच्या खटल्यात ज्याने निकाल फिरला असता, तो पुराव्याचा नियम होता. कोठडीत संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तेच गृहीत धरायचं. तुम्ही दिलेलं उदाहरण मला तरी फाशीच्या बाजूचं वाटत नाही.

आणि आरोपी कोण असतो ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत तो ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर. त्या घरात पोरीला आधीच गप्प बसवतात. "तुझ्यामुळे माणूस फासावर जाईल" हे वाक्य तिच्यापुढे आलं, तर ती पोलीस ठाण्याची पायरी चढेल का? २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीनेही बलात्काराला फाशी नको असंच सांगितलं होतं.

कोर्टाचा_कट्टा

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. फाशीच्या कमतरतेमुळे आरोपी सुटलेला मी पाहिला नाही. डीएनए अहवाल वेळेत येत नाही, तोवर पंच फितूर होतात, फिर्यादीवर भावकीचा दबाव येतो, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते. बदलापूरनंतर फाशी मागितली गेली. १२ वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला फाशी २०१८ पासून कायद्यात आहे. तपासाची दोन महिन्यांची मुदतही तेव्हाचीच, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

मुंबईतल्या शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराचा खटलाही आठवा. २०१४ मध्ये तिघांना फाशी झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. महिनाभराने विधानसभेत शक्ती मंजूर झालं.

वऱ्हाडी

मुदत आहे म्हणता, मग पाळली का जात नाही? कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार-खुनाचा निकाल दीड वर्षाच्या आत लागला, कारण लाखोंचे मोर्चे निघाले. मेळघाटातल्या पोरीसाठी कोण मोर्चा काढणार? तिच्यासाठी कडक कायदाच हवा. जाईजुई ताई, ओळखीच्या माणसालाही जबर शिक्षेची धास्ती वाटलीच पाहिजे. आज त्याला खात्री असते की काही होत नाही.

सह्यकडा

त्याला ती खात्री असते ती प्रकरण कोर्टात टिकत नाही म्हणून. मेळघाटातल्या मुलीचा अहवाल आठ दिवसांत आला, तिला कोरकू बोलणारी माणसं सोबत मिळाली आणि साक्ष होईपर्यंत संरक्षण मिळालं, तर जन्मठेपेचीही धास्ती बसेल. तुमच्या आमदाराला लक्षवेधी मांडायला सांगा: आपल्या विभागाच्या प्रयोगशाळेत किती पदं रिकामी आहेत आणि ती कधी भरणार?

जाईजुई

एक गोष्ट राहिली. शक्तीत खोटी तक्रार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. खटला पुराव्याअभावी पडला की तक्रार खोटी होती असं म्हणायला गावात वेळ लागत नाही. न्याय संहितेला धरून नवा मसुदा येणार असेल, तर त्यात हे कलम असू नये.

वऱ्हाडी

ते काढायला माझी हरकत नाही, अहवालाच्या मुदतीलाही नाही. पण फाशीवर मी हटणार नाही, आणि माझ्या मतदारसंघात तरी बहुतेक लोक माझ्यासारखंच बोलतील.