विषय: उत्तर: गणेशोत्सवातलं हॅकेथॉन आणि प्रायोजक

मंडळी, नमस्कार.
यंदा गणेशोत्सवात तरुणांसाठी मराठी ॲप्सचं हॅकेथॉन, म्हणजे एक-दोन दिवसांत ॲप बनवायची स्पर्धा, घ्यायचा विचार आहे. इंटरनेटवर सर्व्हर भाड्याने देणारी एक क्लाउड कंपनी टीशर्ट, पिझ्झा आणि वर्षभराची क्रेडिट्स (म्हणजे त्या सर्व्हरचा फुकट वापर) द्यायला तयार आहे. सूचना कळवा.
– कार्यवाह

*

कार्यवाह,
उत्साह मोडत नाही, पण क्रेडिट्स संपली की पोरांची ॲप्सही बंद पडतात. कंपनीकडे मागायचंच तर जरा टिकाऊ मागा.

संगणकावर आज मराठी नीट दिसते ती कशामुळे? रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने ‘लोहित’ फॉन्ट २००४ मध्ये जीपीएल या खुल्या परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावेत, बदलावेत असे, खुले केले; २०११ मध्ये खास फॉन्टसाठीच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसात भारतीय भाषांचं काम पगारी माणसं करत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘मोदक’ गूगल फॉन्ट्सवर आहेत, तेही खुल्या परवान्याचे. आपली स्मरणिका त्यात छापायला कुणाला विचारावं लागत नाही.

आणि फॉन्ट एकदा केला की काम संपत नाही. पाकळीचा ल, देठाचा श ही मराठीची रूपं, हिंदीपेक्षा वेगळी. शासनाने २००९ मध्ये तीच प्रमाण ठरवली. मजकूर मराठी आहे अशी खूण दिसली की फॉन्टने ती रूपं दाखवायला हवीत. हे दर आवृत्तीत तपासत बसणाऱ्याला हॅकेथॉनमध्ये बक्षीस मिळत नाही. पैसा हवा तो तिथे.

झिरोधाने २०२४ मध्ये फ्लॉस फंड काढला: खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख. शेअर दलालीचा धंदा करणाऱ्या बंगळुरूच्या कंपनीला हे सुचतं, मग इथल्या अमेरिकेतल्या कंपन्यांना का नाही?
– एक जुना सभासद

*

दादा, पटलं. पण टीशर्टचे पैसे मार्केटिंगच्या खात्यातून येतात, ते फॉन्ट तपासायला कोण देणार? देणगीची खिडकी वेगळी असते. आपलं मंडळ ५०१-सी-३, म्हणजे अमेरिकेच्या करकायद्यातली धर्मादाय संस्था आहे. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीत तेवढीच भर घालतात, काही तर स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे देतात. आपलेच लोक तो फॉर्म भरायचा कंटाळा करतात, हे दरवर्षी हिशेब लिहिताना दिसतं!
– खजिनदार

*

ताई, मग तेच करू. त्या पैशातून पुण्या-मुंबईच्या एखाद्या डेव्हलपरला निदान सहा महिने मानधन देता येईल.

आणि उत्सवात एक टेबल कॉमन व्हॉइसचं लावा. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचा हा उपक्रम, संगणकाला बोली कळावी म्हणून लोकांचे आवाज गोळा करतो. २०१७ पासून चालू आहे, मराठीही आहे. पडद्यावरचं वाक्य वाचायचं, इतरांनी ऐकून पडताळायचं. आवाजांचा संच कुणालाही फुकट वापरता येतो. भेटीला आलेल्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या आजी आणि इथे वाढलेली नातवंडं, दोघांचे उच्चार त्यात हवेत. लहानांसाठी पालकांची संमती मात्र घ्या.
– जुना सभासद

*

टीशर्टची ऑर्डर थांबवली आहे, पिझ्झा राहू दे. कंपनीला रविवारपर्यंत पत्र जायला हवं. मसुदा कोण लिहितंय?
– कार्यवाह