दारव्ह्याहून व्हिएन्नाला परिषदेला जायचं आहे, सुरुवात कुठून करू?

भूगोलवाली_दारव्हा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात भूगोल शिकवते. कोरडवाहू कापसाच्या वावरात पाऊस उघडल्यावर काळ्या मातीत ओल किती टिकते, यावर माझं काम आहे. एप्रिलअखेर व्हिएन्नाला ऑस्ट्रिया सेंटरमध्ये एक मोठी परिषद आहे, तिथं माझं संशोधनाचं पोस्टर घेतलं आहे. घरातून विमानात बसणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. पासपोर्ट आहे, पण माहेरच्या नावाचा. कॉलेजात सगळं सासरच्या नावानं. व्हिसाला मुंबईलाच जावं लागतं का? पैशाचं काय करतात लोक? आणि भेगाळलेल्या मातीचं एक ढेकूळ पोस्टरसमोर ठेवावं म्हणते, चालेल ना? सासूबाई तर संत्र्यांची पिशवी भरून बसल्या आहेत.

धामणगावचा_मास्तर
ताई, अभिनंदन! आधी नावाचं निस्तरा, बाकी सगळं त्याच्यावर लोंबकळतं. निमंत्रणपत्र, नोंदणीची पावती, विमा, तिकीट या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव हवं, स्पेलिंगसकट. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं. आयोजकांच्या फॉर्मात आपण तसंच भरून मोकळे होतो आणि पत्रावर बापाचंच नाव आडनाव होऊन बसतं. आजच मेल टाकून पत्र दुरुस्त करून मागा. आता पासपोर्ट बदलायला जाऊ नका, वेळ जाईल. कॉलेजच्या पत्रात दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं लिहून घ्या आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघायच्या निदान पंधरा दिवस आधी पोचायला हवा. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका बाप्पा, व्हिसावाले निर्णय पंचेचाळीस दिवसांपर्यंत ताणू शकतात. फी 90 युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरवाल्यांचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. पहिल्यांदा जाताय म्हणजे बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावंच लागेल. मुंबईची अपॉइंटमेंट घ्या, धामणगावहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरा, सकाळी सीएसएमटीला उतराल. अपॉइंटमेंट मात्र दुपारची घ्या. गाडी लेट झाली तर सेंटरवाला तुमच्यासाठी थांबत नाही.

कागदांत खरा घोळ रजेच्या पत्राचा असतो. अनुदानित कॉलेज म्हणजे प्राचार्य, संस्था आणि तुमच्याकडे अमरावतीचं उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय, एवढ्या ठिकाणी फाईल फिरते. आमच्याकडच्या एका प्राध्यापकाची फाईल संस्थेच्या सचिवांच्या टेबलावर पडून राहिली, कारण सचिव लग्नसराईत होते. शेवटी हा पठ्ठ्या लग्नाच्या मांडवातच सही घेऊन आला. तेव्हा फाईलच्या मागं स्वतः फिरा. पत्रात रजेच्या तारखा, पगार, पद आणि परतल्यावर रुजू होणार हे वाक्य हवंच. व्हिसावाल्याला एवढंच पाहायचं असतं की बाई परत येणार का.

पैसे. विज्ञानातल्या लोकांसाठी एएनआरएफची (संशोधनाला पैसे देणारी केंद्र सरकारची संस्था, आधीची सर्ब) प्रवास अनुदान योजना आहे. तुमचा विषय बसतो का ते बघा. आयोजकांनाही विचारा. भारत जागतिक बँकेच्या यादीत निम्न-मध्यम उत्पन्न गटात येतो आणि बऱ्याच परिषदा अशा देशांतल्या लोकांना फीत सवलत देतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. कुठूनही अनुदान मिळालं तरी पैसे सहसा नंतर येतात, आधी खिशातूनच जातात. म्हणून बोर्डिंग पासचा चिटोराही फेकू नका. नोंदणी फी भरायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करा. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात आणि लोक उगाच वेबसाईटला शिव्या देत बसतात.

नागपूर ते व्हिएन्ना शक्यतो एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळी तिकिटं काढली अन् पहिलं विमान रखडलं, तर पुढच्याची जबाबदारी कोणी घेत नाही. फ्रँकफर्टला विमान बदललं तर इमिग्रेशन तिथंच होतं, व्हिएन्नाला नाही, तेव्हा मध्ये दीड तास ठेवून चालणार नाही.

अकोल्याची_कृषीवाली
मातीचं ढेकूळ अजिबात नको! युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतली माती आणायला बंदी आहे. सरकीचा एक दाणाही नेऊ नका, बियाण्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतं. त्यापेक्षा भेगांचा फोटो मोठा छापा, शेजारी फूटपट्टी ठेवून काढलेला. लोक त्याच्यासमोर थांबतात.

संत्र्यांचंही तेच. सर्टिफिकेटशिवाय केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं नेता येतात. सासूबाईंना म्हणावं खव्याचे पेढे आणि तूपही राहू द्या, दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिवडा, शंकरपाळे बिनधास्त, फक्त तुपात तळलेले नकोत.

पोस्टर कापडावर छापून घ्या. घडी करून हँडबॅगेत बसतं, नळकांडं विमानात मिरवावं लागत नाही. आधी आयोजकांनी दिलेलं बोर्डाचं माप बघा, आडवं आहे की उभं. सगळे डोळे झाकून उभं, ए-झीरो कागदाच्या मापाचं छापतात.

भूगोलवाली_दारव्हा
बापरे, ढेकूळ तर मी डब्यात भरूनही ठेवलं होतं 😅 मास्तर, पत्र दुरुस्तीचा मेल टाकला. विमानतळावरून परिषदेच्या ठिकाणी कसं जायचं? आणि शाकाहारीचं काय होतं तिथं?

धामणगावचा_मास्तर
विमानतळावरून एस-7 ही साधी लोकल शहरात जाते. हिरव्या रंगाची महागडी कॅट गाडी समोर दिसेल, तिच्या मोहात पडू नका. शहरातून यू-1 मेट्रो धरायची आणि काइझरम्यूलेन स्टेशनला उतरायचं, ऑस्ट्रिया सेंटर चालत जाण्याइतकं जवळ आहे. कागदी तिकीट घेतलं तर प्लॅटफॉर्मच्या आधी निळ्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तपासनीस विनातिकीट धरतो.

शाकाहारीचं निभतं, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारीच ब्रेड, दही, फळं आणून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, तिथल्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो. लॅपटॉपचा तीन पिनांचा बसत नाही, त्याचं अडॅप्टर नागपूरहूनच घेऊन जा.