जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही
गिटार नव्याने रंगवायला लाकडापर्यंत सगळा जुना रंग काढायचा म्हणतोयस, पण आधी विचार कर. स्वस्त गिटारींवर बहुतेक पॉलिएस्टर नाहीतर पॉलियुरेथेनचं प्लास्टिकसारखं कोटिंग असतं, काचेसारखं कडक, घासून घासून हात मोडतात आणि एवढं करून खाली चार तुकडे जोडलेलं लाकूड निघालं की मूडच जातो. मी फक्त ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवली, टवके पुट्टीने भरले, मग प्रायमर आणि वर गाडीच्या टचअपचे स्प्रे कॅन. हात पातळच मारायचे, घाई केलीस की ओघळ आलाच. नेक (गिटारची लांब दांडी) बसते ती खाच आधी टेपने झाकून घे, तिथे रंग चढला तर नेक नीट बसत नाही.

शेवटच्या क्लिअर कोटनंतर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरानंतर, निदान दोन-तीन आठवडे हात लावू नकोस, वास येतोय म्हणजे अजून ओलंच आहे. मग पाणी लावून १००० ते २००० नंबरच्या पेपरने घास. इथे माझी चूक झाली, पाणी स्क्रूच्या भोकांत गेलं, लाकूड फुगलं आणि कडेने रंग तडकला. पाण्याऐवजी तिथे कोरडंच घास. आणि हो, स्प्रे मारताना चांगला रेस्पिरेटर (फिल्टरवाला मास्क) लाव, साधा कापडी मास्क काही कामाचा नाही.